हिरवा दिवा आणि शिळे आकडे: टायमरच्या थ्रेडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रोग्राम विंडोजवरचा, सी शार्पमध्ये लिहिलेला, विंडोज फॉर्म्सचा. सोळा शीतकपाटं, प्रत्येकात एक तापमान-सेन्सर. सगळे सेन्सर एकाच सिरियल वायरवर आणि मॉडबस आरटीयू या प्रोटोकॉलने बोलणारे. स्क्रीनवर वर सोळा ओळींची ग्रिड, खाली इशाऱ्यांची यादी आणि कोपऱ्यात एक हिरवा दिवा: "वाचन चालू". जागा, संस्था आणि माणसं ओळखू येतील अशा खुणा काढल्या आहेत. तांत्रिक तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

टायमर दर ५०० मिलिसेकंदांनी वाजायचा. त्याचा हँडलर, म्हणजे टायमर वाजला की चालणारा कोड, सोळाही सेन्सरना एकेक करून विचारायचा आणि आकडे ग्रिडमध्ये टाकायचा. या ५०० मध्ये किती काम बसतं याचा हिशोब आम्ही फार उशिरा केला. तो इथे आधीच मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वायरचा वेग सेकंदाला ९६०० बिट. एका बाइटला १० बिट धरले तर बाइटमागे साधारण १.०४ मिलिसेकंद. प्रश्न ८ बाइटचा, उत्तर ७ बाइटचं. १५ बाइटना १५.६ मिलिसेकंद. त्यात दोन संदेशांमध्ये प्रोटोकॉलने मागितलेली साडेतीन अक्षरांची शांतता आणि सेन्सरला उत्तर द्यायला लागणारा वेळ धरला की एका सेन्सरमागे २८ च्या आसपास. सोळांचे झाले ४४८. म्हणजे सगळं सुरळीत असताना ५०० पैकी जेमतेम ५० मोकळे.

मूळ प्रोग्रामरने टायमर टूलबॉक्समधून उचलून फॉर्मवर, म्हणजे प्रोग्रामच्या खिडकीवर, टाकला होता. टायमर 'सिस्टिम.टायमर्स' या नेमस्पेसमधला. तो असा डिझायनरमधून फॉर्मवर टाकला की व्हिज्युअल स्टुडिओ त्याची 'सिंक्रोनायझिंगऑब्जेक्ट' ही प्रॉपर्टी गुपचूप त्या फॉर्मवर लावून देतो. मग टायमर वाजला की हँडलर फॉर्मच्याच थ्रेडवर, म्हणजे खिडकीचं काम करणाऱ्या धाग्यावरच, चालतो. त्यामुळे थ्रेडची भानगड नव्हती, पण ५०० पैकी ४४८ मिलिसेकंद फॉर्मचा थ्रेड वायरकडे कान लावून बसलेला. बटण दाबलं की काही क्षणांनी हलायचं, खिडकी ओढली की अडखळत यायची. तक्रार तेवढीच होती.

ती दूर करायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचनाचा कोड फॉर्ममधून काढून वेगळ्या क्लासमध्ये नेला आणि टायमर तिथे कोडमधूनच तयार केला. कोडमधून तयार केलेल्या टायमरची ती प्रॉपर्टी रिकामी असते, आणि रिकामी असेल तर हँडलर थ्रेड पूलमधल्या, म्हणजे तयार थ्रेडच्या साठ्यातल्या, मिळेल त्या थ्रेडवर चालतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. स्क्रीन एकदम चपळ झाली आणि शाबासकीही मिळाली.

डिबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) मात्र प्रोग्राम पहिल्याच ठोक्याला थांबायचा: दुसऱ्या थ्रेडवरून कंट्रोलला (ग्रिड, बटण अशा स्क्रीनवरच्या घटकाला) हात लावलात, चालणार नाही. एका सहकाऱ्याने, मी अडकू नये म्हणून, सुरुवातीलाच एक ओळ टाकली: 'चेकफॉरइलीगलक्रॉसथ्रेडकॉल्स' बंद. शेजारी शेरा, "तात्पुरते". ही तपासणी डॉट नेट (सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात ती प्रणाली) २.० पासून, म्हणजे २००५ पासून आहे आणि मुळात ती डिबगर जोडलेला असतानाच चालू असते. ग्राहकाच्या मशीनवर ती तशीही बंदच असणार होती. त्या ओळीने आमच्या टेबलावरची घंटा तेवढी काढून टाकली.

काय बिघडलं

तीन गोष्टी झाल्या, आणि तिन्ही एकाच मुळाच्या आहेत हे कळायला वेळ लागला.

पहिली: "साहेब, यादीवर लाल फुली आलीय." खालची इशाऱ्यांची ग्रिड पांढरीफटक, तिच्या चारही कडांना लाल रेघ आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली. दोन-तीन दिवसांतून एकदा. प्रोग्राम बंद करून उघडला की गायब.

दुसरी: प्रोग्राम दिवसभर चालला की मंदावायचा. टास्क मॅनेजरमध्ये थ्रेडचा स्तंभ लावून पाहिला तर एकदा साडेचारशेच्या वर आकडा. एवढ्याशा प्रोग्रामला विसाच्या आसपास पुरे.

तिसरी खरी गंभीर. एका सकाळी कर्मचाऱ्याने बारा नंबरच्या कपाटाचं दार भरपूर वेळ उघडं ठेवून सफाई केली. स्क्रीनवर तापमान ढिम्म. त्यालाच शंका आली, त्याने कपाटावरचा काटा पाहिला आणि फोन केला. दहा ते सोळा या सातही ओळींचे आकडे चाळीस मिनिटांपूर्वीचे होते. एक ते नऊ ताजे होते आणि हिरवा दिवा जळत होता.

मूळ कुठे सापडलं

फुलीपासून सुरुवात केली, कारण ती दिसत होती. विंडोज फॉर्म्समध्ये एखाद्या कंट्रोलच्या रंगवण्याच्या कोडमधून अपवाद (चूक झाल्याचा प्रोग्रामचा इशारा) बाहेर पडला, तर ते कंट्रोल पुन्हा स्वतःला रंगवायचा प्रयत्नच करत नाही. लाल फुली काढून बसतं. आमची यादी 'बाइंडिंगलिस्ट'ला जोडलेली होती. तिच्यात ओळ घातली की 'बदल झाला' हा इव्हेंट ओळ घालणाऱ्याच्याच थ्रेडवर वाजतो. पूलमधला थ्रेड यादी २०० ओळींच्या पुढे गेली म्हणून जुनी ओळ काढतोय आणि त्याच क्षणी फॉर्मचा थ्रेड ती ओळ रंगवतोय, असा योग आला की गणित चुकतं. तो योग दोन-तीन दिवसांनी यायचा, एवढंच.

मग कोपऱ्यातलं साधं लेबल कधीच का बिघडलं नाही? इथे आम्ही बराच काळ फसलो. लेबलचं शीर्षक बदललं की आत विंडोजचा संदेश जातो, आणि विंडोज तो संदेश खिडकीच्या मालक-थ्रेडवरच पोचवते. पाठवणारा तोवर थांबून राहतो. त्यामुळे लेबल चुकीच्या थ्रेडवरून बदललं तरी बहुतेक वेळा निभावतं. ग्रिड मात्र पूर्णपणे डॉट नेटच्या कोडमध्ये रंगवली जाते. तिला ही राखण नाही. "लेबल तर चालतंय की" हे वाक्य आमच्या चर्चेत किमान चार वेळा आलं असेल, आणि प्रत्येक वेळी आम्ही थ्रेडवरचा संशय सोडून दुसरीकडे शोधायला गेलो.

शिळ्या आकड्यांचं उत्तर टायमरच्या स्वभावात होतं. दहा नंबरचा सेन्सर उत्तर देत नव्हता. ३०० मिलिसेकंदांनी सिरियल पोर्टने मुदत संपल्याचा अपवाद टाकला, हँडलर तिथेच तुटला आणि पुढच्या सहा सेन्सरना कुणी विचारलंच नाही. अपवाद गेला कुठे? डॉट नेट फ्रेमवर्कमधला हा टायमर आपल्या हँडलरमधले अपवाद पकडतो आणि गिळून टाकतो. नोंद नाही, खिडकी नाही. हिरवा दिवा हँडलरच्या पहिल्याच ओळीत लागत होता, त्यामुळे तो लागलेलाच राहिला.

मूळ रचनेत हँडलर फॉर्मच्या थ्रेडवर होता. तिथे हाच अपवाद आला असता तर डोळ्यांसमोर चूक सांगणारी खिडकी उघडली असती. जुना प्रोग्राम अडखळायचा, पण खोटं बोलत नव्हता. मी तो चपळ केला आणि त्याच बदलात मुकाही केला.

थ्रेडच्या गर्दीचंही कोडं इथेच सुटलं. नऊ सेन्सरचे २५२ अधिक मुदतीचे ३००, म्हणजे ५५२ मिलिसेकंद. टायमर मात्र ५०० ला वाजतोच. आधीचा हँडलर संपला की नाही हे तो बघत नाही. दुसरा थ्रेड येतो, आम्ही सबंध हँडलरभोवती घातलेल्या लॉकपाशी (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलुपापाशी) उभा राहतो, मागे तिसरा. चाळीस मिनिटांत ४८०० ठोके, त्यातले पूर्ण झाले सुमारे ४३५०. उरलेले साडेचारशे रांगेत. टास्क मॅनेजरचा आकडा आणि हा हिशोब इतका जुळला की आणखी पुरावा शोधावा लागला नाही.

समोर असलेले पर्याय

एक, 'सिंक्रोनायझिंगऑब्जेक्ट' परत फॉर्मवर लावायचा. एका ओळीचं काम. पण अडखळणारी स्क्रीन परत येणार, आणि तीच तर तक्रार होती.

दोन, विंडोज फॉर्म्सचा स्वतःचा टायमर. तो फॉर्मच्या संदेश-रांगेतूनच वाजतो, त्यामुळे थ्रेडचा प्रश्न उद्भवत नाही. त्याची अचूकता ५५ मिलिसेकंदांची. आम्हाला पुरेशी होती. पण वाचन त्याच्या हँडलरमध्ये ठेवलं तर पहिल्या पर्यायाचंच दुखणं.

तीन, वाचन पूलवर राहू द्यायचं आणि कंट्रोलला हात लावणारी प्रत्येक ओळ 'इन्व्होक'मध्ये गुंडाळायची. म्हणजे काम फॉर्मच्या थ्रेडकडे पाठवायचं आणि ते होईपर्यंत थांबायचं.

चार, वाचन आणि दाखवणं पूर्ण तोडायचं. वाचणाऱ्याला फॉर्म माहीतच नसावा. फॉर्मने आपल्या सवडीने आकडे ओढून घ्यावेत.

बैठकीत एकाने विचारलं की कंट्रोलनाच लॉक घालून का नाही ठेवत हे लोक? प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जावा या भाषेचं काम पाहणारे ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली यावर लिहिलं होतं. माऊस-कीबोर्डचे इव्हेंट खालून, ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर येतात. प्रोग्रामच्या मागण्या वरून खाली जातात. दोन्ही वाटांवर लॉक घातले की ते उलट क्रमाने घेतले जातात, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. म्हणून स्क्रीन बनवण्याच्या साधनांत, स्विंग (जावाचं), डब्ल्यूपीएफ, क्यूटी, अँड्रॉइड, सगळीकडे नियम तोच: स्क्रीनला हात एकाच थ्रेडने लावायचा. आम्ही मान डोलावली. आणि पुढच्याच आठवड्यात नेमकी तीच चूक आमच्या कोडमध्ये केली.

पहिला प्रयत्न: इन्व्होक

घाई होती, म्हणून तिसरा पर्याय निवडला. "तात्पुरते"वाली ओळ काढली, फेरीच्या शेवटी एकच 'इन्व्होक' करून सगळे आकडे एकदम ग्रिडमध्ये टाकले, अपवाद सेन्सरगणिक पकडले. आमच्याकडच्या चाचणीत सगळं उत्तम.

ग्राहकाकडे टाकलं आणि प्रोग्राम बंद होईना. खिडकीचं 'बंद' बटण दाबलं की खिडकी गोठायची. टास्क मॅनेजरमधूनच मारावी लागायची. मेमरी डंप (गोठलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची नक्कल) उघडला तर मुख्य थ्रेड लॉकच्या दारात उभा: फॉर्म बंद होताना पोर्ट मिटवायचा म्हणून तो लॉक मागत होता. लॉक ज्याच्याकडे होता तो पूलमधला थ्रेड 'इन्व्होक'मध्ये अडकून मुख्य थ्रेड मोकळा व्हायची वाट बघत होता.

चाचणीत हे का दिसलं नाही? आमच्या टेबलावर खरे सेन्सर नव्हते, सिम्युलेटर होता. तो दीड मिलिसेकंदात उत्तर द्यायचा, म्हणजे अख्खी फेरी २४ मिलिसेकंदांत उरकायची. लॉक ५०० पैकी २४ मिलिसेकंदच धरलेला, त्यामुळे बंद करताना अडकण्याची शक्यता विसात एक. खऱ्या वायरवर लॉक ४४८ मिलिसेकंद धरलेला. दहापैकी नऊ वेळा अडकणार. शिवाय सिम्युलेटर कधी गप्प बसत नव्हता, त्यामुळे मूळचा अपवाद गिळण्याचा प्रकारही तिथे कधीच दिसला नसता.

'इन्व्होक'ऐवजी 'बिगिनइन्व्होक' वापरलं असतं तर पाठवणारा थांबला नसता आणि ही गाठ सुटली असती. ते करून पाहिलंही. मग फॉर्म मिटल्यानंतर येणारे ठोके पुढे आले. टायमर थांबवल्यावरही आधी रांगेत गेलेला एखादा ठोका वाजू शकतो, आणि तो मेलेल्या फॉर्मवर जाऊन आदळतो. सुरुवातीलाही एक फट निघाली: फॉर्मचं हँडल (विंडोजने खिडकीला दिलेली ओळख) तयार व्हायच्या आधी 'इन्व्होकरिक्वायर्ड', म्हणजे 'इन्व्होकची गरज आहे का', असं विचारलं तर उत्तर 'नाही' असं येतं, आणि कोड चुकीच्या थ्रेडवरच बिनधास्त पुढे जातो. प्रत्येक फटीला एक 'जर' लावत गेलो. सहावा 'जर' लिहिताना आम्ही थांबलो.

दुसरा प्रयत्न: ओढून घेणारी स्क्रीन

मग चौथा पर्याय घेतला. वाचनासाठी टायमरच ठेवला नाही. एक स्वतंत्र थ्रेड, त्यात साधा लूप: सोळा सेन्सर विचार, अर्ध्या सेकंदातलं उरलेलं झोप, पुन्हा विचार. फेरी लांबली तर पुढची उशिरा सुरू होते, एवढंच. एक सेन्सर मेला तर फेरी ७२० मिलिसेकंदांची होते, पण रांग लागत नाही, कारण रांगेत उभं राहायला दुसरं कुणी नाहीच.

फेरी संपली की वाचक थ्रेड सोळा नोंदींचा नवा संच बनवतो. प्रत्येक नोंदीत आकडा, वाचल्याची वेळ आणि चूक असली तर ती. एकदा बनलेला संच कुणी बदलत नाही. फक्त 'ताजा संच कोणता' हा एक संदर्भ 'इंटरलॉक्ड'ने, म्हणजे मध्ये दुसऱ्या थ्रेडला घुसू न देता, बदलला जातो. नुसते आकडे एका सामायिक अॅरेत का लिहिले नाहीत? प्रोग्राम ३२-बिटचा. तिथे आठ बाइटचा 'डबल' एका घासात लिहिला जाईलच याची सी शार्पची हमी नाही. अर्धा जुना, अर्धा नवा आकडा वाचला जाऊ शकतो. संदर्भ मात्र एका घासातच बदलतो. आणि आकडा नवा पण वेळ जुनी, असंही होत नाही, कारण दोन्ही एकाच संचात बंद.

फॉर्मवर विंडोज फॉर्म्सचा साधा टायमर, २५० मिलिसेकंदांचा. तो वाजला की ताजा संच उचलतो आणि बदललेल्याच पेशी रंगवतो. आकडा ३ सेकंदांपेक्षा जुना असेल तर पेशी करडी. हिरवा दिवाही आता संचाच्या वयावरून ठरतो. हँडलर सुरू झाला म्हणून लागत नाही.

बंद करताना आधी फॉर्मचा टायमर थांबतो, मग वाचकाला थांबण्याची खूण, मग तो संपेपर्यंत वाट. मुख्य थ्रेडने कुणाची अशी वाट बघणं एरवी धोक्याचं, पण वाचक फॉर्मकडे कधीच काही मागत नसल्याने गाठ पडायला जागा नाही. तो प्रत्येक सेन्सरनंतर खूण बघतो, त्यामुळे जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांची वाट.

एक गोष्ट रिव्ह्यूमध्ये पकडली गेली, आणि ती सुटली असती तर महागात पडली असती. इशारे ठरवण्याचं काम मी फॉर्मच्या टायमरमध्ये ठेवलं होतं. पण 'ताजा संच' या पद्धतीत मधले संच टाकले जातात. अहवाल छापताना फॉर्मचा थ्रेड काही सेकंद गुंततो; तेवढ्यात तापमान चढून उतरलं तर कुणालाच कळणार नाही. दाखवायला शेवटचा आकडा पुरतो, इशाऱ्याला प्रत्येक आकडा लागतो. म्हणून इशारे आणि फाइलमधली नोंद वाचक थ्रेडवर गेली. फॉर्मसाठी इशारे 'कंकरंटक्यू'मध्ये (अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरता येणाऱ्या रांगेत) जातात आणि फॉर्म ती रांग आपल्या ठोक्याला रिकामी करतो.

परिणाम

लाल फुली पुन्हा आली नाही. थ्रेडची संख्या स्थिर आहे. खिडकी पहिल्या दाबाला बंद होते.

फोन मात्र पहिल्या आठवड्यात वाढले. "पेशी करड्या होतायत, नवीन व्हर्जन खराब आहे." दहा नंबरची पेशी दिवसातून अनेकदा करडी होत होती. कर्मचाऱ्यांना जुना, सतत आकडे दाखवणारा प्रोग्राम परत हवा होता, आणि आमच्यातल्या एकाने मुदत ३ वरून ३० सेकंदांवर नेण्याची तयारीही दाखवली. मी नाही म्हटलं. चर्चा थोडी तापली.

पुन्हा करायचं झालं तर

टायमर हलवताना मी हँडलरच्या पहिल्या ओळीत थ्रेडचा क्रमांक छापून पाहिला असता, तर दोन मिनिटांत कळलं असतं की जमीन बदलली आहे. डॉट नेटमध्ये 'टायमर' या एकाच नावाचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांचे थ्रेडचे नियम निराळे. नाव वाचून गृहीत धरायला नको होतं. जावातही हाच घोळ आहे: स्विंगचा टायमर स्क्रीनच्या थ्रेडवर वाजतो, 'युटिल'मधला स्वतःच्या थ्रेडवर, आणि त्याच्या कामातून एक न पकडलेला अपवाद सुटला की तो टायमर कायमचा बंद पडतो.

क्रॉस-थ्रेडची तपासणी आता चाचणीच्या प्रत्येक बिल्डमध्ये आम्ही मुद्दाम चालू ठेवतो, डिबगर असो वा नसो. हे पहिल्या दिवसापासून हवं होतं. सहकाऱ्याच्या त्या ओळीला मी दोष देत नाही. माझ्या बदलाने वाजलेली घंटा त्याने माझ्यासाठी बंद केली होती, आणि ती का वाजतेय हे विचारायचं काम माझं होतं.

सिम्युलेटरला आता खऱ्या वायरइतका वेळ लागतो आणि तो मधूनच गप्प बसतो. पहिल्या प्रयत्नाआधी हे केलं असतं तर बंद न होणारा प्रोग्राम ग्राहकाकडे गेलाच नसता.

आणि तो दहा नंबर. करड्या पेशीच्या वेळा फाइलमधून काढून कर्मचाऱ्यांना दाखवल्या. त्या शेजारच्या कपाटाचा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या वेळांशी जुळत होत्या. जोडणीचा स्क्रू सैल होता. कॉम्प्रेसरच्या थरथरीने वायर काही वेळ सुटायची. स्क्रू आवळल्यावर ती पेशी पांढरी झाली.